यशवंत घाडगे

यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४) हे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर धारातीर्थी पडलेले मराठा सैनिक होते. तत्कालीन ब्रिटिश हिंदी सैन्यातील पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. असामान्य शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मरणोत्तर देण्यात आले. अखेरच्या लढतीत त्यांच्या हाती टॉमीगन हे अमेरिकन बनावटीचे शस्त्र होते. त्या शस्त्राची घडण ठाऊक असल्याशिवाय त्या काही क्षणांत नेमके काय घडले हे नीट उमगत नाही, म्हणून त्याची माहितीही येथे दिली आहे.

जन्म आणि सैन्यप्रवेश

यशवंत घाडगे यांचा जन्म माणगाव तालुक्यातील पळसगाव-आंब्रेचीवाडी येथे झाला. हा तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १९८१ पासून त्या जिल्ह्याला रायगड हे नाव आहे. महाड-माणगावचा हा डोंगराळ पट्टा पूर्वापार लष्करभरतीसाठी प्रसिद्ध. शेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नाला पलटणीच्या पगाराची जोड, हे कोकणातील असंख्य घरांचे गणित होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगाव येथे होते आणि आजही तेथेच आहे.

घाडगे यांच्या नावाआधी लावला जाणारा नाईक हा शब्द आडनाव नसून हुद्दा आहे. दहाएक शिपायांच्या सेक्शनचे नेतृत्व नाईकाकडे असते. वयाच्या बाविसाव्या वर्षी ही जबाबदारी घाडगे यांच्याकडे होती.

तिसरी पलटण

घाडगे यांची पलटण १७९७ साली उभी राहिली. पहिल्या महायुद्धात ती ११०वी मराठा लाइट इन्फंट्री या नावाने मेसोपोटेमियात लढली आणि कूतच्या वेढ्यात सापडली. १९२२ च्या पुनर्रचनेनंतर ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत डेनिस रीड यांच्या नेतृत्वाखाली तिने मोठा पराक्रम गाजवला. हेच रीड पुढे १९४२ मध्ये शत्रूच्या हाती सापडले, कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती झाले. घाडगे यांची पलटण याच डिव्हिजनमध्ये होती.

टॉमीगन

या शस्त्राचे मूळ नाव थॉम्पसन सबमशिनगन. अमेरिकन लष्करी अधिकारी जॉन टी. थॉम्पसन (१८६०–१९४०) यांनी १९१६ मध्ये ऑटो-ऑर्डनन्स ही कंपनी स्थापन केली. पहिल्या महायुद्धातील खंदकांत जवळून लढताना लांब नळीची रायफल अडचणीची ठरत असे. एकाच सैनिकाला हाती धरून खंदक साफ करता येईल असे शस्त्र त्यांना हवे होते. नमुना तयार होईपर्यंत १९१८ चा युद्धविराम झाला. १९२१ मध्ये कोल्ट कंपनीकडून पहिल्या १५,००० बंदुका बनवून घेण्यात आल्या, परंतु सुमारे दोनशे डॉलर किमतीची ही बंदूक घेण्यास सैन्य उत्सुक नव्हते. तिला प्रसिद्धी मिळाली ती शिकागोच्या गुन्हेगारी टोळ्यांमुळे आणि पुढे चित्रपटांमुळे. दुसरे महायुद्ध पेटल्यावर मात्र मागणी एकाएकी वाढली. १९४० पासून ब्रिटनने त्या मोठ्या प्रमाणावर विकत घेतल्या आणि हिंदी पलटणींतही त्या आल्या.

टॉमीगनमधून पिस्तुलाची .४५ इंची (११.४३ मि.मी.) जाड, बोथट गोळी सुटते. जवळच्या अंतरावर ती अत्यंत परिणामकारक, दूरच्या लक्ष्यावर मात्र फारशी उपयोगी नाही. आरंभीच्या बंदुकांत गोळी सुटताना मागे येणारा खटका ब्लिश कुलपाने क्षणभर रोखला जाई. १९४२ मध्ये आलेल्या एम-१ या सोप्या व स्वस्त आवृत्तीत हे कुलूप वगळण्यात आले. चित्रपटांत दिसणारी पन्नास गोळ्यांची गोल डबी रणांगणावर जड होई व खडखडे. सैनिकांची पसंती वीस किंवा तीस गोळ्यांच्या सरळ पेटीला, म्हणजे मॅगझिनला असे.

दोन बाबी येथे ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे वेग. मिनिटाला सुमारे सातशे गोळ्या या गतीने वीस गोळ्यांची पेटी चाप धरून ठेवल्यास दोन सेकंदांच्या आत रिती होते, आणि रिकामी पेटी काढून दुसरी बसवायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. दुसरी बाब वजनाची. यंत्रावर घडवलेले पोलाद आणि लाकडी दस्ता यांमुळे ती भरण्यापूर्वीच साडेचार किलोंच्या पुढे जाई. पत्र्याच्या स्वस्त स्टेनगनच्या तुलनेत हा दोषच मानला जात असे.

१० जुलै १९४४ ची लढत

४ जून १९४४ रोजी रोम पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडील गॉथिक संरक्षणफळीकडे हटू लागले. मात्र टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडी टेकडीवर मशिनगनची ठाणी रोवून ते पाठलाग करणाऱ्या फौजांना रोखत होते. १० जुलै रोजी घाडगे यांच्या कंपनीने अशाच एका मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील एकूण एक शिपाई ठार वा जखमी झाला. उरले ते एकटे घाडगे.

सोबत यायला कोणी नाही हे ठाऊक असूनही ते थांबले नाहीत. त्यांनी थेट मशिनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. प्रथम हातबॉम्ब फेकला. त्याने मशिनगन आणि ती चालवणारा सैनिक दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगनने दुसऱ्याला टिपले. आता समोर दोघे होते आणि पेटी बदलायला सवड नव्हती. घाडगे यांनी बंदूक उलटी करून नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना ठार केले. जो जडपणा तिचा दोष समजला जाई, तो गोळ्यांवाचून उरलेल्या या सैनिकाच्या कामी आला. आड दडलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

सन्मान आणि स्मृती

व्हिक्टोरिया क्रॉसची अधिकृत घोषणा नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडन गॅझेटमध्ये झाली. पदक त्यांच्या पत्नीला प्रदान करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. दुसरे मानकरी अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव. त्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठी पराक्रम गाजवला आणि ते युद्धातून सुखरूप परतले.

घाडगे यांची पलटण स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. माणगाव येथे घाडगे यांचा पुतळा उभारण्यात आला आहे.