सालिम अली आणि आमचं बांडगूळ

कर्वेनगरच्या आमच्या होस्टेलमागे एक आंबा आहे, त्यावर बांडगूळ. दरवर्षी माळीकाका कोयता घेऊन येतात आणि मी त्यांना अडवते. कारण सालिम अली.

मित्रमैत्रिणींनो, हा माणूस १८९६ साली मुंबईत जन्मला. आईवडील लवकर गेले, मामांनी वाढवलं. कॉलेजचं पहिलंच वर्ष जड गेलं आणि स्वारी थेट ब्रह्मदेशात! (आपल्याला निदान एटीकेटी असते.) पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये नोकरी लागली. १९२९ मध्ये जर्मनीला जाऊन पक्षीशास्त्र शिकले, परतले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. तिशी उलटलेली, हातात काम नाही. मग पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला मुक्काम.

तिथे त्यांनी सुगरणीची घरटी अभ्यासली. १९३१ मध्ये कोकणातल्या बांडगुळावर लेख लिहिला. शिंजीर चोच लावतो तेव्हा कळी फट्कन उघडते, पराग त्याच्या डोक्याला लागतात नि दुसऱ्या फुलापर्यंत पोचतात. फुलटोच्या फळं खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीला पुसतो. १९३२ मध्ये फुलांवर येणाऱ्या भारतीय पक्ष्यांवर आणखी मोठा लेख! परागीभवन म्हणजे फक्त मधमाशी, हा माझा समज तिथेच मोडला.

तेहमिना १९३९ मध्ये गेल्या. १९४१ मध्ये त्यांचं गाजलेलं पक्ष्यांचं पुस्तक आलं. १९८७ मध्ये ते गेले.

बांडगूळ आंब्याला शोषतं, हे काकांचं म्हणणंही खरंच. यंदा तडजोड झाली : दोन फांद्या छाटल्या, एक ठेवली. पहिल्या लेक्चरआधी तिथे शिंजीर येतो.