अस्थींची साक्ष : हकीम अब्दुल लतीफ बगदादी

वाचकहो, शिरूर तालुक्यातील न्हावऱ्याच्या बाजूला आपले येणे-जाणे असेल, तर घोड नदीकाठच्या इनामगावचे नाव आपण ऐकले असेल. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे तेथील शेतकरी आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, तर प्रौढांना घोट्याखालची पावले तोडून. त्यांनी लिहून ठेवलेली एक ओळही नाही. तरी त्यांच्याविषयी पुष्कळ काही त्यांच्या हाडांनी सांगितले. हाडांना असेच प्रश्न विचारणारे एक आलिम आठशे वर्षांपूर्वी होऊन गेले.

मुवफ्फकुद्दीन अब्दुल लतीफ यांचा जन्म बगदादचा, इ. स. ११६२ चा. बालपणी कुरआन मुखोद्गत, मग हदीस, व्याकरण, फिकह आणि शेवटी वैद्यक असा त्यांचा शिक्षणक्रम. मोसुल, दमास्कस करीत ते कैरोस पोहोचले. सुलतान सलाहुद्दीन यांनी त्यांना वेतन बांधून दिले होते. कैरोत ते सकाळी व सायंकाळी अल्-अजहरमध्ये शिकवीत आणि दुपारी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वेळ देत. स्वभाव मात्र तिखट. थोरामोठ्यांच्या ग्रंथांवरही ते निर्भीडपणे टीका करीत, कधीकधी गरजेपेक्षा अधिकच.

इ. स. १२०० मध्ये नाईल नदीला पुरेसे पाणी चढले नाही. पुढची दोन वर्षे मिसर देशाने जे भोगले, ते सांगताना लेखणी अडखळते. भुकेने माणसे माणसांना खाऊ लागली. दफन करणारे हातच उरले नाहीत आणि कैरोजवळ अल्-मक्स येथे मृतदेहांची टेकडी झाली.

मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच, ही शिकवण आपणांस ठाऊक आहे. अब्दुल लतीफ तर हदीसचे जाणकार होते. त्यांनी कुणाची कबर उकरून शस्त्र चालविले नाही. दुष्काळाने जे उघडे टाकले होते, तेच त्यांनी विद्यार्थ्यांसह पाहिले. हाडांचे आकार, सांध्यांची जुळणी, एकाचा दुसऱ्याशी असलेला मेळ हे सारे ग्रंथ वाचून कळले नव्हते, ते तेथे कळले.

हकीम जालीनूसचे मत असे की, खालचा जबडा दोन हाडांचा असून ती हनुवटीपाशी जोडलेली असतात. हजार वर्षे सर्वांनी ते मानले. अब्दुल लतीफांनी दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या. हनुवटीवर सांधा कोठेच नव्हता. स्वतःच्या नजरेवरच विसंबू नये म्हणून त्यांनी इतरांनाही तपासावयास लावले, स्वतःच्या समक्ष आणि परोक्षही. उत्तर तेच आले : हाड एकच. आज आपण जाणतो की, अर्भकाच्या जबड्याचे दोन भाग असतात आणि ते लहानपणीच सांधून एक होतात. कुत्र्यासारख्या कित्येक प्राण्यांत मात्र ही फट आयुष्यभर राहते, आणि जालीनूसचा अभ्यास मुख्यतः प्राण्यांच्या शवांवर झालेला होता.

कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जालीनूसने ते सहा हाडांचे सांगितले होते. अब्दुल लतीफांना ते कधी एकसंध, तर कधी सहा तुकड्यांचे दिसले. तेव्हा जबड्याइतकी खात्री येथे आपल्याला नाही, असे त्यांनी सरळ लिहून टाकले. एवढा तिखट माणूस, आणि येथे थांबला! ही अस्थी मुळात पाच मणक्यांची. ते पंचविशीच्या सुमारास पूर्णपणे जुळून येतात. निरनिराळ्या वयांच्या देहांत निरनिराळे चित्र दिसणे अपरिहार्यच होते.

त्यांचा मिसरवरील हा ग्रंथ पुढे युरोपात पोहोचला. १८०० मध्ये त्याचा लॅटिन, तर १८१० मध्ये फ्रेंच अनुवाद छापला गेला. स्वतः ते हजला निघाले असता वाटेत आपल्या जन्मगावी, बगदादला थांबले. तेथेच १२३१ मध्ये त्यांचा इंतिकाल झाला. वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले.