फ्लेमिंग यांचा डावा हात

शाळेत विजेचा धडा सुरू झाला की मुले डावा हात पुढे करून बोटे ताणू लागतात. तर्जनी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने, मधले बोट विद्युतधारेच्या दिशेने. आणि या दोहोंशी काटकोन करणारा अंगठा तारेवरील बलाची दिशा दाखवितो. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग थोर संशोधक होतेच. परंतु ते हाडाचे शिक्षकही होते, याचे स्मरण आपण सहसा ठेवीत नाही.

लँकेस्टर येथे १८४९ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. लंडनच्या रोखेबाजारात कारकुनी करीत, रात्री अभ्यास करून त्यांनी १८७० साली पदवी मिळविली. पुढे शाळेत शिकवून पैसे साठविले आणि १८७७ साली ते केंब्रिजला मॅक्सवेल यांच्यापाशी शिकावयास गेले. मॅक्सवेल विद्युतचुंबकीय सिद्धांताचे प्रणेते खरे. पण त्यांची व्याख्याने इतकी दुर्बोध, की काही वेळा फ्लेमिंग हेच एकमेव श्रोते असत.

ज्ञान कितीही थोर असले तरी ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावे लागते, हा धडा या अनुभवात होताच. १८८५ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी दिशा ठरविताना गोंधळतात हे पाहून त्यांनी त्यांच्याच हाताची बोटे कामी लावली. डावा हात मोटारीसाठी, उजवा जनित्रासाठी. १९०४ साली ज्या व्हॉल्व्हचा शोध लावून त्यांनी रेडिओयुगाचा पाया घातला, तो आज बव्हंशी संग्रहालयात गेला आहे; बोटांचा नियम मात्र वर्गावर्गांत जिवंत आहे. १९२६ पर्यंत ते शिकवीत राहिले आणि १९४५ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन निवर्तले.

दुर्दैव असे, की शिकणे सोपे व्हावे म्हणून निघालेला हा नियम आपल्याकडे पुष्कळदा केवळ पाठांतराचा विषय होतो. नियम दिशा सांगतो, कारण सांगत नाही. एक चुंबक, एक सेल आणि तारेचा तुकडा एवढ्यावर तार हलताना दाखविता येते. सेल उलटा जोडला की ती विरुद्ध बाजूस सरकते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला बोटांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. तो प्रयोग आधी आणि नियम मागाहून, असा क्रम आपल्या वर्गांत कधी रुजणार?