छायाचित्रकलेचे उपासक राजा दीनदयाळ

आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी पणजोबांची तसबीर असते; परंतु पणजीबाई दिसत कशा होत्या, हे दाखवणारे एकही छायाचित्र सापडत नाही. परक्या पुरुषासमोर बसायचे कसे, ही त्या काळची मोठीच अडचण होती. ती अडचण ओळखणाऱ्या एका थोर कलावंताचा हा अल्प परिचय.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीला स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले. आराखडे करता करता 1874च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते हैदराबादेस गेले व सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामांनीच त्यांना राजा ही पदवी दिली. आपला कुरुंदाही 1948पर्यंत त्याच राज्यात होता. त्या नात्याने ते आपल्याला परके नाहीत.

आपण स्त्रियांनी मात्र त्यांची आठवण ठेवावी ती 1892 सालासाठी. त्या वर्षी त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती होत्या, कॅमेऱ्यामागेही स्त्रियाच असत, आणि श्रीमती केनी-लेव्हिक या बाई तेथील कारभार पाहत. पडद्यातील स्त्रियांना निर्धास्तपणे बसता आले.

चेहऱ्याचे चित्र घेणे हे नाजूक काम आहे. कॅमेरा फार जवळ नेला तर नाक मोठे व कान लहान दिसतात आणि बसणारीही संकोचते. चार-पाच हात दूर राहिले तर चेहरा जसा आहे तसा उमटतो. पण आखूड पल्ल्याच्या भिंगातून तो फार लहान येतो. म्हणून व्यक्तिचित्राला जरा लांब पल्ल्याचे भिंग लागते. भिंगातून प्रकाशही भरपूर यावा लागतो. 1840 साली व्हिएन्नाचे गणितज्ञ पेट्झव्हाल यांनी तसे भिंग तयार केले, तेव्हा बसणाऱ्याची कित्येक मिनिटे निश्चल राहण्याच्या शिक्षेतून सुटका झाली.

5 जुलै 1905 रोजी दीनदयाळ निवर्तले. त्यांच्या हजारो काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. पल्ला कमी-जास्त करता येणारे झूम भिंग साध्या कॅमेऱ्यासाठी 1959 साली आले. ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

आपल्याला ते लाभले आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासोबत मिळणारे 18 ते 55 मिलिमीटरचे भिंग घरी असेल, तर ते 55वर ठेवून चार पावले मागे सरावे. नवे घेण्याची घाई नको. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी घ्यायचेच झाले, तर 24 ते 70चे भिंग पाहावे, चेहऱ्यासाठी ते 70वर ठेवावे, आणि ऐपत असल्यास एफ 2.8चे घ्यावे, ओसरीतल्या मंद उजेडातही ते काम देते.

मात्र भिंगाच्या आधी निर्धास्तपणा हवा, हे दीनदयाळांनी ओळखले होते. तेव्हा या वर्षी प्रत्येकीने आपल्या घरातील वडीलधाऱ्या बाईला उजेडात बसवावे, दोन गोष्टी बोलाव्यात आणि मगच तिचे छायाचित्र घ्यावे. आपल्या नाती-पणतींना तरी पणजीबाईंचा चेहरा ठाऊक असू द्या.