विरजणात आयुष्य शोधणारा माणूस

अलीकडे किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये चिमुकल्या बाटल्यांतून आंबूस-गोड दुधाचे पेय मिळते. पोटाला उपकारक असे जिवंत जंतू त्यात असतात म्हणे. माझ्या वयाच्या मंडळींत या बाटलीला भलताच मान आहे. सकाळच्या फेरीत राजकारणाआधी चर्चा होते ती पोट साफ झाले की नाही याची! पण या बाटलीमागे उभा असलेला दाढीवाला रशियन शास्त्रज्ञ मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. इल्या मेचनिकॉफ त्याचे नाव. मला हा माणूस त्याच्या शोधांइतकाच त्याच्या आयुष्यासाठी मोलाचा वाटतो.

मेचनिकॉफचा जन्म 1845 सालचा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. बुद्धी तल्लख, स्वभाव मात्र कमालीचा हळवा. 1869 मध्ये ल्युडमिलाशी लग्न झाले तेव्हा ती क्षयाने इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे त्याने तिची शुश्रूषा केली. 1873 मध्ये मदिरा बेटावर ती गेली आणि खचलेल्या मेचनिकॉफने स्वतःचा जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढे 1875 मध्ये ओल्गाशी विवाह झाला. तिला विषमज्वराने गाठले तेव्हा त्याचे मन पुन्हा ढासळले. 1881 मध्ये त्याने एका तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यात प्रयोग किती आणि निराशा किती, हे सांगणे कठीण. दोन्ही वेळा तो वाचला.

पुढच्याच वर्षी इटलीतल्या मेसिना गावी त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि हा सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक अळीत हिंडणाऱ्या पेशी पाहताना त्याच्या मनात आले, या पेशी शरीराचे पहारेकरी तर नसतील? बागेतला काटा आणून त्याने अळीत टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे ज्ञान तिथून उगवले. पुढे 1888 मध्ये लुई पाश्चर यांनी त्याला पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली, आणि 1908 मध्ये पॉल एर्लिख यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या मुंबईशीही त्याचा धागा जुळतो. ओडेसाच्या विद्यापीठात त्याचा एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. मेचनिकॉफच्या आधारानेच तो पॅरिसला पोचला. 1896 च्या प्लेगच्या साथीत मुंबईत येऊन त्याने लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

उतारवयात मेचनिकॉफला वार्धक्याच्या कोड्याने पछाडले. मोठ्या आतड्यात मळ साचून राहतो, तिथे जंतू तो कुजवतात आणि त्या विषाने माणूस अकाली म्हातारा होतो, असे त्याचे मत बनले. बल्गेरियातले शेतकरी भरपूर आंबवलेले दूध पितात आणि दीर्घायुषी असतात, असे त्याच्या कानी आले होते. स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरने 1905 मध्ये तिथल्या दह्यातला जंतू ओळखला होताच. दुधाचे आम्ल करणारे हे जंतू कुजवणाऱ्या जंतूंना आवर घालतील, असे मेचनिकॉफने मांडले. तो स्वतः नियमाने आंबट दूध पिऊ लागला आणि कच्चे अन्न त्याने वर्ज्य केले. बघता बघता युरोपात दह्याची लाट आली.

या विचाराचे टोकही गाठले गेले. लंडनच्या आर्बथनॉट लेन या नामांकित शल्यविशारदाने बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्याचा सपाटाच लावला! साचलेल्या मळाने अंगात विष भिनते हा सिद्धान्त पुढे टिकला नाही. बल्गेरियन जंतू आपल्या आतड्यात मुक्काम करीत नाही, हेही नंतर दिसून आले. पण मूळ कल्पना वाया गेली नाही. जपानच्या मिनोरू शिरोता यांनी 1930 मध्ये आतड्यापर्यंत जिवंत पोचणारा जंतू वाढवला आणि 1935 मध्ये त्याचे पेय बाजारात आले.

मग अशा पेयांनी बद्धकोष्ठ जातो का? प्रौढांवर झालेल्या चाचण्यांत काही जातींच्या जंतूंनी शौचाला थोडी अधिक वेळा होते असे आढळले, काहींत फरकच पडला नाही. म्हणजे जंतू कोणता, यावर सारे अवलंबून. घरच्या ताकातही जंतू असतात, पण कोणते आणि किती ते विरजणावर ठरते. कढी उकळली की तेही मरतात. तेव्हा पालेभाजी, कोंड्यासकट भाकरी, पुरेसे पाणी आणि रोजचे चालणे यांची जागा बाटली घेणार नाही. बाटलीतल्या साखरेवरही नजर हवी. शौचाची सवय एकाएकी बदलली, रक्त दिसले किंवा वजन घटले, तर थेट डॉक्टर गाठावा.

मेचनिकॉफ शतायुषी झाला नाही. जुलै 1916 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. त्याची रक्षा पॅरिसच्या त्या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. दह्याने त्याचे आयुष्य वाढले की नाही, कोण सांगणार? पण ज्याला दोनदा जगणे नकोसे झाले होते, त्यानेच उरलेली वर्षे माणसाने अधिक आणि निरोगी जगावे म्हणून वेचली, हे मला त्याच्या नोबेलपेक्षा मोठे वाटते.