संगीताची एकही पदवी नव्हती, तरी विद्यापीठाने तिला थेट जॅझ शिकवायला बोलावलं..

साल १९७७. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं ड्यूक विद्यापीठ.

दक्षिणेतलं हे विद्यापीठ मोठं नावाजलेलं. पण १९६३ सालापर्यंत इथे पदवीच्या वर्गात एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला नव्हता. त्याच विद्यापीठाने चौदा वर्षांनी एका ६७ वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईंना पाहुण्या कलाकार म्हणून शिकवायला बोलावलं.

बाईंकडे कॉलेजची डिग्री नव्हती. लहानपणी संगीताचा क्लाससुद्धा लावलेला नव्हता. पण पियानोसमोर बसल्या की जॅझचा अख्खा इतिहास त्यांच्या दहा बोटांतून ऐकू यायचा. कारण हा इतिहास त्यांनी पुस्तकात वाचला नव्हता, जगला होता.

त्यांचं नाव मेरी लू विल्यम्स.

मेरीचा जन्म ८ मे १९१० चा, अटलांटा शहरातला. आई चर्चमध्ये वाजवायची. घरात आपल्या पायपेटीसारखा एक ऑर्गन होता. तीन-चार वर्षांची मेरी आईच्या मांडीवर बसलेली असायची. एके दिवशी आईने वाजवलेली धून पोरीने जशीच्या तशी वाजवून दाखवली. आई चकित झाली.

आता कुणालाही वाटेल की आईने लगेच शिकवणी लावली असेल. तर नाही. आई स्वतः रीतसर शिकली होती आणि त्यात मनाने वाजवायचं विसरून बसली होती. कागदावरचे स्वर समोर नसले की तिचे हात थांबायचे. पोरीचं तसं होऊ नये म्हणून तिने मास्तर ठेवले नाहीत. त्याऐवजी ती वादकांना घरी बोलवायची आणि मेरी नुसती ऐकत बसायची. आपल्याकडे घराण्यातली पोरं तालमीच्या खोलीत बसून कानाने गाणं उचलतात, तसंच हे.

पुढे कुटुंब पिट्सबर्गला आलं. गोऱ्या शेजाऱ्यांना हे लोक नको होते. ते घरावर विटा फेकायचे. अशात छोट्या मेरीच्या वादनाची बातमी गल्लीत पसरली आणि शेजारी तिला आपल्याच घरी वाजवायला बोलवू लागले. विटा थांबल्या. संगीत ऐकायला गोड असतंच, पण ते घरही वाचवू शकतं, हे तिला वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षीच कळलं.

शाळकरी वयातच ती फिरत्या करमणूक मंडळ्यांमधून वाजवू लागली. सॅक्सोफोनवादक जॉन विल्यम्सशी लग्न झालं. नवरा अँडी कर्कच्या बँडमध्ये होता. १९२९ साली कॅन्सस सिटीत रेकॉर्डिंगच्या वेळी बँडचा पियानोवादक आलाच नाही आणि मेरीला बसवलं. ती वाजली ती अशी की पुढे त्या बँडचा कणाच झाली.

नुसतं वाजवून ती थांबली नाही. कुठलं वाद्य कधी वाजणार, काय वाजवणार, हे सगळं ठरवून लिहिण्याला जॅझमध्ये अरेंजमेंट म्हणतात. स्वर लिहायचे कसे हे ती बँडमध्येच, काम करता करता शिकली. बेनी गुडमनसाठी तिने लिहिलेलं ‘रोल एम’ गाजलं. ड्यूक एलिंग्टनच्या बँडसाठीही तिने लिहिलं. पुरुषांच्या त्या धंद्यात बायका गायला चालायच्या, पण बँडचं डोकं म्हणून एक बाई असणं ही नवलाईच होती.

१९४० च्या दशकात ती न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहायला आली. तेव्हा काही तरुण पोरं वेगवान आणि गुंतागुंतीचा नवा जॅझ वाजवू लागली होती. तोच बीबॉप. जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मेरी लूने मात्र आपल्या घराचं दार उघडलं. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी तिच्याकडे यायचे. रात्र-रात्र पियानो वाजायचा, चर्चा व्हायच्या. तिची पहिली शाळा भरली ती अशी, स्वतःच्या दिवाणखान्यात. १९४५ साली बारा राशींवरची ‘झोडियाक सूट’ ही तिची रचनाही आली.

पण या झगमगाटाची दुसरी बाजू भयंकर होती. ड्रग्जच्या विळख्यात एकेक वादक संपत होता. पैसा नीट मिळत नव्हता. थकून गेलेली मेरी लू युरोपात गेली आणि १९५४ साली पॅरिसमध्ये कार्यक्रम चालू असताना स्टेजवरून उठून निघून गेली.

त्यानंतर जवळपास तीन वर्षं तिने जाहीर कार्यक्रम बंद ठेवले. न्यूयॉर्कला परतून ती प्रार्थनेत रमली आणि १९५७ साली कॅथलिक झाली. राहतं घर तिने व्यसनात अडकलेल्या वादकांसाठी मोकळं केलं. त्यांना खाऊ घालायची, सांभाळायची. खर्चासाठी जुन्या वस्तूंचं दुकानही चालवलं. शेवटी धर्मगुरूंनी आणि गिलेस्पीने तिची समजूत घातली. १९५७ सालच्या न्यूपोर्ट महोत्सवात ती पुन्हा पियानोवर बसली. पुढे तिने चर्चच्या प्रार्थनाच जॅझमध्ये बांधल्या. १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्या वाजल्या.

आणि मग १९७७ साली ड्यूकचं बोलावणं आलं.

मेरी लूबाई शिकवायच्या त्या पियानोवर बसूनच. जॅझ म्हणजे एक झाड, असं त्या समजवायच्या. तसं चित्रच त्यांनी काढून घेतलं होतं. मुळाशी गुलामीतलं दुःख, त्यातून फुटलेली भक्तिगीतं, मग रॅगटाइम, स्विंग, बीबॉप आणि बुंध्यातून वर चढत जाणारा ब्लूज. प्रत्येक फांदी त्या वाजवून दाखवायच्या. मुळं तोडली तर झाड वाळेल, हा त्यांचा धडा होता. ज्यांच्या दुःखातून हे संगीत आलं त्यांनाच ते विसरायला लागलंय, ही त्यांची खंत होती.

त्यांच्या वर्गाला झुंबड उडायची. विद्यापीठाच्या जॅझ बँडलाही त्या शिकवायच्या. आयुष्यभर कमाईची ओढाताण सोसलेल्या बाईंना उतारवयात नियमित पगार मिळाला. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या व्हाइट हाउसमध्येही त्यांनी वाजवलं.

पुढच्याच वर्षी कॅन्सरचं निदान झालं. तरी शिकवणं त्यांनी लगेच सोडलं नाही. २८ मे १९८१ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी त्या गेल्या.

दोनच वर्षांनी ड्यूकमध्ये कृष्णवर्णीय संस्कृतीचं केंद्र सुरू झालं. त्याला नाव दिलं मेरी लू विल्यम्स यांचं.

आईने मास्तर न लावलेली पोर शेवटी शेकडो पोरांची मास्तरीण झाली. आणि आईने तिला जे दिलं, तेच तिने वर्गात वाटलं. आधी कान उघडायचे, कागद नंतर.