आधी पाहणाऱ्या ताराबाई

पांढुर्णा-सौसरच्या मंडळींना अमरावती काही परकी नाही. त्याच अमरावतीत काही वर्षे संसार केलेल्या एका बाईंनी पुढे बालशिक्षणाला नवी वाट दाखविली. त्या म्हणजे ताराबाई मोडक. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी व त्यांना शिकविणाऱ्यांनी त्यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. अमरावती सोडल्यावर त्यांनी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्रमुखपद सांभाळले. तेथे शिक्षिका तयार होत असत. एवढे मानाचे पद; परंतु १९२३ साली ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. तेथे माँटेसरीबाईंची पद्धत होती. या पद्धतीत शिक्षकाचे पहिले काम म्हणजे मुलाचे निरीक्षण. मूल काय करते, कशात रमते, कोठे अडते, हे शांतपणे पाहावे आणि मगच मदतीचा हात पुढे करावा. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. मराठी शिक्षणपत्रिकेचे संपादनही ताराबाईंनी केले.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. अशा वेळी आईबाप बेफिकीर आहेत किंवा शिक्षिका कमी पडते, असे म्हणणे फार सोपे असते. ताराबाईंनी वस्तीतील जिणे पाहिले आणि बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारने बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत टिकेनात. पाहता पाहता कारणे उमगली. थोरल्या मुलांच्या कडेवर धाकटी भावंडे होती आणि कित्येकांच्या मागे गुरे. मग पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली, तीच विकासवाडी. गुराख्यांसाठी शाळा कुरणात भरू लागली, तिला कुरणशाळा म्हणत. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत चालविले.

आपल्या भागातही संत्र्याचा तोडा किंवा कापसाची वेचणी आली की वर्ग ओस पडतात. नव्या शिक्षिकेचा वर्ग पाहावयास आपण जातो, दारातून गलका ऐकतो आणि मनात निकाल लावून मोकळे होतो. त्याऐवजी मागच्या चटईवर तासभर बसावे. कोणते मूल गप्प आहे, कोणते कंटाळले आहे, हे टिपावे. तास संपल्यावर आधी तिलाच विचारावे, की बाई, आज तुम्हांला काय जड गेले? तिचे सारे ऐकून मग एकच सूचना करावी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन बसावे. याकोबानेही आपल्या पत्रात ऐकण्याला बोलण्याच्या आधीची जागा दिली आहे. जिचे म्हणणे कोणीतरी ऐकले, ती शिक्षिका उद्या वर्गातल्या गप्प मुलाचेही ऐकेल.